पाण्याखालच्या बारा पायऱ्या

"अहो, बसा की जरा एका जागी! तुम्ही खिडकीत उभे राहिलात म्हणून टॅक्सी लवकर येणार आहे का?"

सूतभरांच्या बायकोनं हे सकाळपासून चौथ्यांदा सांगितलं आणि सूतभर चौथ्यांदा बसले. बसले म्हणजे नुसते खुर्चीला टेकले. लगेच उठून त्यांनी गॅस बंद आहे का पाहिलं, मग नळ पाहिला, मग पुन्हा गॅस. पायातला एक मोजा उलटा निघाला म्हणून तो काढून सुलटा केला आणि त्या भरात दुसराही काढला. चार दिवस हे असंच चाललं होतं. नखं दोनदा कापून झाली होती, तिसऱ्यांदा कापायला नखंच उरली नव्हती.

सूतभर हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. बांधकाम खात्याच्या नकाशा शाखेत या माणसानं चौतीस वर्षं काढली. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत, आणि तेवढंही इकडचं तिकडे झालं तर यांना जेवण जायचं नाही, म्हणून कचेरीनं हे नाव चिकटवलं. ते घरापर्यंत आलं आणि राहिलं. माणूस तसा होताच. डॉक्टरकडे गेला तर आधी भिंतीवरचं तिरकं कॅलेंडर सरळ करायचा आणि मगच जीभ बाहेर काढायचा.

त्यांच्या बाहेरच्या खोलीत, सोफ्याच्या वर, काचेच्या चौकटीत एक नकाशा टांगलेला होता. शहराबाहेरच्या जुन्या बारवेचा. पायऱ्या-पायऱ्यांनी थेट पाण्यापर्यंत उतरत जाणारी ती विहीर सूतभरांनी एकतीस वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात पंचवीस दिवस खपून मोजली होती. खात्यानं तो नकाशा पुस्तकात छापला, मोठ्या साहेबांनी चारचौघांत पाठ थोपटली. तेव्हापासून घरी येणाऱ्या कुणाचीही त्यातून सुटका नसे. लग्नाचा फोटो मात्र आतल्या खोलीत, कपाटाच्या आडोशाला. "आमचा नंबर विहिरीनंतर," असं बायको पाहुण्यांना सांगायची आणि चहा ठेवायला उठायची.

आणि चार दिवसांपूर्वी तो फोन आला.

"सर, मी बारवेच्या दुरुस्तीवरची इंजिनियर बोलतेय," पलीकडून एक उत्साही मुलगी म्हणाली. "सगळं काम तुमच्याच नकाशावरून चाललंय! पाणी उपसलंय, गाळ काढतोय. आणि सर, गंमत म्हणजे अगदी खालच्या टप्प्यात भलत्याच पायऱ्या निघाल्यात. बुटक्या बुटक्या. मागाहून कुणीतरी घुसडलेल्या दिसतात. त्या काढून तुमच्या नकाशात आहेत तशा बारा पायऱ्या बसवतोय. दगड घडवून तयार आहेत. पहिला दगड तुमच्या हातानं बसवायचा, शुक्रवारी! काकूंनाही आणा."

सूतभर "वा, वा, अवश्य" म्हणाले, आणि फोन ठेवल्यापासून त्यांचं कशातच लक्ष नव्हतं. कारण नकाशातल्या त्या बारा पायऱ्या सूतभरांनी कधी डोळ्यांनी पाहिल्याच नव्हत्या.

झालं होतं असं, की त्या उन्हाळ्यातसुद्धा शेवटचा टप्पा पाण्याखालीच राहिला होता. हिरवं, जाड, हाताची बोटं न दिसणारं पाणी. साहेबांना नकाशा सोमवारी हवा होता. शनिवारी दुपारी सूतभरांनी पाण्यात मधोमध ओळंबा सोडला. खोली निघाली नऊ फूट. वरच्या सगळ्या पायऱ्या नऊ इंच उंचीच्या. नऊ फुटांना नऊ इंचांनी भागलं, उत्तर आलं बरोब्बर बारा. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही! इतका सुबक भागाकार सुटल्यावर कुणाचाही विश्वास बसेल. नकाशाच्या कामात न दिसलेली गोष्ट तुटक रेघेनं दाखवायची असते, हे शाखेतल्या शिपायालाही ठाऊक होतं. सूतभरांनी तुटक रेघ काढूनही पाहिली. खालचा तेवढा भाग अर्धवट, भिकार दिसायला लागला. पंचवीस दिवसांच्या कामाला गालबोट. पुढच्या उन्हाळ्यात पाणी उतरलं की बघून घेऊ, असं मनाशी म्हणून त्यांनी शाईची सलग रेघ ओढली. पुढचा उन्हाळा आला, दुसरं काम आलं. मग नकाशा छापून झाला, कौतुक झालं, आणि नंतर नंतर त्यांना स्वतःलाच त्या पायऱ्या पाहिल्यासारखं वाटायला लागलं.

चार दिवसांत त्यांनी निदान दहा वेळा फोन उचलला होता. त्या मुलीचा नंबर काढायचा, त्याच्याकडे बघत बसायचं आणि फोन पालथा ठेवायचा. बुटक्या पायऱ्या मागाहूनच बसवल्या असतील तर? मग उगाच आपल्या तोंडानं आपली अब्रू कशाला घालवा? आणि तशा नसतील तर? इथपर्यंत आलं की ते उठून गॅस बघायला जायचे.

टॅक्सीत बसल्यावर बायको म्हणाली, "तुमचं कुठंतरी पाणी मुरतंय."

"कसलं पाणी? काही नाही."

"इतक्या मानानं बोलावलंय, आणि तुमचं तोंड बघा. जसं काही सुईच टोचून घ्यायला निघालात."

"ऊन फार आहे," सूतभर म्हणाले आणि खिडकीची काच वर केली, खाली केली, पुन्हा वर केली. शेवटी ड्रायव्हरनं आरशातून बघितलं तेव्हा ती अर्ध्यावर राहिली.

बारवेची एक खोड अशी, की ती लांबून दिसतच नाही. सपाट माळ, कमरेएवढा कठडा, बस्स. कठड्याशी जाऊन उभं राहिलं की पायांसमोरची जमीन एकदम खाली खाली जायला लागते. तिन्ही बाजूंनी लहान लहान जिन्यांच्या जोड्या, एक डावीकडून, एक उजवीकडून उतरून एकाच ओट्यावर भेटणाऱ्या, मग तिथून पुढची जोडी. चौथ्या बाजूला खांबांचे तीन मजले, एकावर एक सज्जे, भिंतीत दिवे ठेवायचे कोनाडे. वर घामाची धार लागलेली असायची आणि खालच्या सज्ज्यात पोचलं की गार वारा अंगावर यायचा. सूतभरांनी एकतीस वर्षांपूर्वी ती बघितली होती तेव्हा अर्धा दिवस टेपच हातात घेतली नव्हती. आज मात्र त्यांनी काही म्हणजे काही बघितलं नाही. त्यांची नजर सरळ तळाला गेली.

तळाशी पंप धडधडत होता. पाणी गेलं होतं. शेवटच्या ओट्याखाली काळ्या चिखलातून सात पायऱ्या वर आल्या होत्या. मधल्या दोनच्या जागी खड्डा होता आणि त्यावर फळी टाकलेली होती.

"सर! या, या!" इंजिनियर मुलगी चिखलाचे बूट वाजवत वर आली. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, कानामागं पेन्सिल. तिनं वाकून नमस्कार केला तेव्हा सूतभर अंग चोरून मागं सरकले. "काकू, तुम्ही इथं सावलीत बसा हं, खाली फार पायऱ्या आहेत."

"बसते," बायको म्हणाली. तिचे दोन्ही गुडघे कामातून गेलेले होते.

कठड्याशेजारी नवे दगड रचून ठेवले होते. बारा. एकसारखे घडवलेले, प्रत्येकावर लाल रंगात आकडा. त्यांच्यामागं लाकडी फळ्यावर नकाशा ठोकलेला होता, प्लास्टिकच्या कागदात घालून. खालच्या कोपऱ्यात सूतभरांची सही, शेपटीला वेटोळं असलेली.

"आमच्या साहेबांनी पुरातत्त्ववाल्यांना सांगितलं, बाकी कुठलाही कागद नको, हा नकाशा पुरे," मुलगी सांगत होती. "मी तर कॉलेजात असल्यापासून बघतेय हा. रेघेवरून हात फिरवावासा वाटतो, सर."

"अगं, ते... शाईचं काम आहे," सूतभर म्हणाले.

मुलीच्या मागोमाग सूतभर खाली उतरले. तळाशी मिस्त्री उभा होता. पन्नाशीचा, पांढऱ्या भुवयांचा, हातात पहार. त्यानं सूतभरांकडे बघितलं आणि मग मुलीला म्हणाला, "ताई, आता साहेब आलेच आहेत तर विचारून घ्या ना. मी कालपासून सांगतोय."

"काय सांगतोय हा?" सूतभरांनी विचारलं.

"काही नाही हो सर," मुलगी हसली. "याचं म्हणणं, या बुटक्या पायऱ्या जुन्याच आहेत."

"दगड एकाच खाणीचा आहे साहेब," मिस्त्री म्हणाला. "छिन्नीचा घावही वरच्यासारखाच. मागाहून कुणी बसवल्या असत्या तर सांधा वेगळा दिसला असता. पण नकाशात नाही म्हणतात, तर नाही. आपण काय, सांगितलं तसं काढणार. त्या मधल्या दोन खिळखिळ्या होत्या, त्या परवा काढल्या."

"कुठं आहेत त्या?"

"फोडल्या. मागच्या भिंतीच्या भरावात घातल्या. वर काँक्रीटही पडलं."

सूतभरांना दरदरून घाम फुटला. त्यांनी रुमाल काढला, चष्मा पुसला, कपाळ पुसायचं राहूनच गेलं. तोंड उघडायची हीच वेळ होती. पण तेवढ्यात मुलीनं त्यांच्या हातात लाकडी हातोडा दिला, एक गडी मोबाईल काढून फोटोला उभा राहिला, आणि वरून एक नंबरचा दगड साखळीला बांधून खाली सोडायला सुरुवात झाली. साखळी करकरत होती. बोलू, हा दगड खाली येऊ दे, मग बोलू, असं म्हणत सूतभर हातोड्याचा दांडा नुसता या हातातून त्या हातात करत राहिले.

"अगं बाई, थांबा रे जरा! मला उतरू द्या आधी!"

सगळ्यांनी वर बघितलं. सूतभरांची बायको कठडा सोडून उतरायला लागली होती. एक हात भिंतीला, दुसऱ्या हातात छत्री टेकलेली.

"काकू, नका ना! पाय घसरेल!"

"एकतीस वर्षं हिच्या गोष्टी ऐकतेय. आता वरनं बघून घरी जाऊ होय?"

दगड अर्ध्यात लटकत थांबला. ती एकेक पायरी आडवी उतरत होती. दर ओट्यावर थांबायची, धापा टाकायची आणि बांधणाऱ्याचा उद्धार करायची. "मेल्याला गुडघे नसतील. ही काय पायरी आहे? शिडी आहे शिडी!" गड्यांना हसू आवरेना. सूतभर चार पायऱ्या वर चढले आणि तिचा हात धरून तिला शेवटच्या ओट्यापर्यंत घेऊन आले. तिथून पुढं ती थांबलीच नाही. नवऱ्याचा हात सोडून, भिंतीचाही सोडून, ती त्या बुटक्या पायऱ्यांवरून तीन पावलं सहज खाली गेली आणि फळीपाशी उभी राहिली.

"हे बघा! इथं मात्र त्याला शहाणपण सुचलं," ती म्हणाली.

"काकू, त्या खऱ्या नाहीत," मुलगी म्हणाली. "नंतरच्या आहेत. काढायच्यात."

"का गं? चांगल्या तर आहेत. ओल्या पायांनी भरलेली घागर कमरेवर घेऊन चढायचं म्हणजे अशीच पायरी हवी. रिकाम्या हातानं माणूस कसाही चढेल. पाण्याशीच तर खरा कस लागतो." ती वाकली आणि दगडावरून तळवा फिरवला. "बघ, किती झिजलीय. इथं पाय पडून पडून खळगा झालाय."

सूतभर खाली बसले, पँटची पर्वा न करता, चिखलात. पायरीच्या मध्यावर दोन उथळ खळगे होते, एक उतरणाऱ्यांचा, एक चढणाऱ्यांचा. वरच्या पायऱ्यांवरही तसेच, त्याच अंतरावर. इतकी झीज काही वर्षांत होत नाही. माणसांच्या कितीतरी पिढ्या लागतात. ज्यानं ही विहीर बांधली त्यानं भरल्या घागरीचा विचार केला होता, आणि आपण भागाकार केला होता.

"सोडू का दगड?" वरून कुणीतरी ओरडलं.

"थांबा," सूतभर म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना तो पुन्हा काढावा लागला. "थांबवा! वर घ्या तो."

"काय झालं सर?"

"या पायऱ्या जुन्या असाव्यात. मला वाटतं, एकदा तपासून... म्हणजे..."

"पण तुम्ही मोजल्यात ना सर?" मुलीनं सरळ विचारलं. तिच्या मनात काही वाकडं नव्हतं, म्हणून तर तो प्रश्न जास्त लागला. "नकाशात स्पष्ट बारा आहेत. सलग रेघेत. न दिसलेलं असतं तर तुम्ही तुटक दाखवलं असतं."

पंप धडधडत होता. मिस्त्री पहारीवर हनुवटी टेकून बघत होता. बायको बघत होती. मोजलं होतं, तेव्हा तशाच होत्या, असं म्हणायला किती वेळ लागला असता? कोण तपासणार होतं? तेव्हाचे साहेब जाऊन वीस वर्षं झाली होती.

"नाही," सूतभर म्हणाले. "मी नाही मोजल्या. इथं पाणी होतं. मला काहीही दिसलं नव्हतं. वरच्यासारख्याच असतील असं धरून बारा काढल्या. तुटक काढायला हव्या होत्या. लाज वाटली म्हणून नाही काढल्या."

मुलीनं आधी त्यांच्याकडे, मग वर फळ्याकडे बघितलं. तिचा चेहरा पडत गेला.

"सर, दोन पायऱ्या फोडल्यात आम्ही," ती म्हणाली. "तुमच्या सहीवर फोडल्यात. चार दिवसांपूर्वी मी फोनवर सांगितलं तुम्हाला. तेव्हाच का नाही बोललात?"

"त्या दोन आधीच गेल्या होत्या का?"

"नव्हत्या! परवा काढल्या. फोनवर तुम्ही नुसतं नाही म्हणाला असतात तरी..." ती पाठ फिरवून पंपाकडे गेली आणि उगाचच त्याची नळी हलवत उभी राहिली.

मिस्त्री म्हणाला, "मी सांगत होतो." पण त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. त्यानं पहार भिंतीला टेकवून ठेवली.

सूतभर बायकोकडे बघायचं टाळत होते. शेवटी बघितलं. ती पायरीवर बसली होती, छत्री मांडीवर आडवी.

"एकतीस वर्षं मी त्याची काच पुसतेय," ती म्हणाली.

एवढंच. रागानं नाही, रडून नाही. सूतभरांना वाटलं, हिनं चार शब्द खडसावून सुनावले असते तर बरं झालं असतं. ते तिच्या शेजारी बसले. तिनं त्यांना जागा करून दिली.

थोड्या वेळानं मुलगी परत आली. डोळे पुसलेले होते, आवाज कामाचा झाला होता. "वर कळवायला लागेल, सर. काम थांबवतेय. नकाशा चुकीचा आहे असं लिहावं लागेल."

"लिही. माझ्या नावानं लिही. कागद दे, मीच लिहून देतो." सूतभरांनी तिच्या कानामागची पेन्सिल मागितली आणि मांडीवर वही ठेवून चार ओळी लिहिल्या. अक्षर तेच, छापल्यासारखं. सही केली, वेटोळं न काढता. मुलीनं ते वाचलं, घडी घातली आणि खिशात ठेवलं.

"आता परत सगळं मोजावं लागेल," ती स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाली. "गाळाखाली अजून किती आहेत कोण जाणे."

"मी धरतो टेप," सूतभर म्हणाले.

मुलीनं वहीचं कोरं पान उघडलं. मिस्त्रीनंच खिशातून टेप काढून सूतभरांच्या हातात दिली आणि उजेड पडावा म्हणून उन्हासाठी वर बांधलेली ताडपत्री बाजूला ओढली.

सूतभर गुडघ्यांवर बसले. पहिल्या पायरीला टेप लावली, डोळा जवळ नेला, चष्मा कपाळावर सरकवला. "साडेपाच." मुलगी वहीत लिहीत होती. "दुसरी, साडेपाच. तिसरी... पाच आणि तीन सूत." ते मोजत खाली सरकत होते आणि चिखल त्यांच्या शर्टापर्यंत आला होता. बायको ओट्यावर जाऊन बसली होती. तिनं खांद्याच्या पिशवीतून थर्मास काढून झाकण उघडलं, आणि तसंच हातात धरून ती खाली बघत राहिली.

मग फळी आली. मिस्त्रीनं ती उचलली. खाली नुसता खड्डा होता, कडेला ताज्या फोडलेल्या दगडाचे पांढरे ओरखडे. सूतभरांनी वरच्या पायरीच्या तळापासून खालच्या पायरीच्या माथ्यापर्यंत टेप ताणली.

"दोन्ही मिळून?" मुलीनं विचारलं.

"अकरा इंच."

"म्हणजे साडेपाच, साडेपाच. चौथी आणि पाचवी. घालते."

"नको."

तिची पेन्सिल थांबली. "अकराचे निम्मे साडेपाचच होतात, सर."

"होतात. पण त्या तशाच होत्या का, ते मला माहीत नाही."

"मग काय लिहू?"

"माहीत नाही, असं लिही."

मुलीनं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि लिहिलं. सूतभर एक हात भिंतीला टेकून खड्ड्यापलीकडे उतरले, पुढच्या पायरीवरचा चिखल तळव्यानं बाजूला केला आणि टेप लावली.

"सहावी," ते म्हणाले. "सव्वापाच."